स्थळांची पाहणी

रामदासपेठेत उपवर कन्येला वर पाहणे आणि बारावी उत्तीर्ण कन्येला महाविद्यालय पाहणे या दोन्ही कार्यांचे दप्तर एकच असते. भेद इतकाच की दुसऱ्या कार्यात दाखवून घेण्याची नामुष्की मुलीवर न येता स्थळावर येते. माझ्या भाचीने मुलींच्याच, आणि त्यातही जुन्या, महाविद्यालयात कलाशाखेला जाण्याचा अर्ज कौटुंबिक दरबारात रुजू करताच भाऊजींनी बैठक बोलावली, आणि मामा या नात्याने, म्हणजे अधिकार काडीचा नसता मत देण्याची सनद बाळगणारा इसम म्हणून, मीही हजर राहिलो.

पहिले स्थळ गावातलेच: शंकरनगरचे लेडी अमृतबाई डागा महाविद्यालय, ज्याला उभे नागपूर एलएडी म्हणते. जन्म १९३२, पाळण्यातले नाव सेंट्रल कॉलेज फॉर विमेन. घराणे निष्कलंक होते. परंतु जिथे आई, मावशी आणि आत्या शिकून गेल्या, तिथे एखादा तास चुकविण्याची सोय कुठून राहणार, ही भाचीची कैफियत ऐकल्यावर तिच्या आईलाही तिचे म्हणणे अनुभवाने पटलेले दिसले.

दुसरे स्थळ अण्णासाहेब कर्व्यांचे. १९१६ साली पाच विद्यार्थिनींवर विद्यापीठ काढण्याचे धारिष्ट या गणिताच्या प्राध्यापकाने कोणत्या हिशेबात बसविले असेल ते असो. दारोदार हिंडून त्यांनी वर्गणी जमविली, आणि १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्षांची देणगी देऊन विद्यापीठाला आपल्या मातोश्री नाथीबाईंचे नाव दिले. तिथल्या पदवीधर स्त्रीस पूर्वी ‘गृहीतागमा’ म्हणत, हे मी सांगताच भाऊजींनी दारावरची पाटी रुंद करण्याचा खर्च मनाशी मांडला, आणि आता तिथेही साधे बी. ए.च मिळते असे कळल्यावर ते बरेच खट्टू झाले.

यानंतर कलकत्त्याचे बेथून (कॉलेजचे वर्ग १८७९ चे, म्हणजे घराणे म्हणावे तर हे) दूर म्हणून, आणि दिल्लीचे मिरांडा हाउस १९४८ चे, म्हणजे आमच्या थोरल्या आत्याहून धाकटे, म्हणून झटपट निकालात निघाले.

अखेर भाचीने अमेरिकेतले माउंट होलिओक पुढे केले. १८३७ साली मेरी लायन नावाच्या शिक्षिकेने, कर्व्यांप्रमाणेच लहानसहान देणग्या गोळा करून, ते स्थापिले. आणि शुल्क गरिबांच्या आवाक्यात राहावे म्हणून स्वयंपाक, धुणे, केरवारे ही सारी कामे विद्यार्थिनींवरच सोपविली. माझ्या मते ही त्या बाईंच्या कर्तबगारीची परमावधी होती, परंतु भाऊजींच्या मातोश्रींनी, ज्या इतका वेळ सांबारवड्यांच्या सारणात गुंतल्या होत्या, मान वर न करता विचारले, “मग इथं घरचे भांडे कोण घासून राहिलं?”

हल्ली तसे काही नसते, असे भाचीने परोपरीने समजाविले. पण आजींच्या लेखी, आता तेही शिकवीत नसतील तर इतक्या लांब धाडण्याचे प्रयोजनच उरले नव्हते.

या गदारोळात भाचीने सर्व ठिकाणचे अर्ज परभारे भरून टाकल्याचे उघड केले आणि पालकांच्या सहीसाठी कागद पुढे सरकविला. भाऊजींनी सही केली. तारखेचा रकाना मात्र मोकळा ठेविला, कारण ती पंचांग पाहूनच घालावी असे मातोश्रींचे फर्मान होते.