वरातीचा घोडा उपाशी

पन्नासेक हजारांत गेमिंग पीसी बसवायला लॅमिंग्टन रोडवर निघालेल्याची यादी वरातीसारखी असते: काचेची कॅबिनेट, रंगीत दिव्यांचे चार पंखे आणि उरल्यासुरल्या पैशांत एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा. ‘पण त्यावर ५०० वॉट छापलंय ना!’ छापायला काय जातं? प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जेवतात ते १२ व्होल्टच्या पंगतीला. लेबलावर तिथे बारीक अक्षरांत १८ अँपिअर असतील, तर गुणाकार भरतो २१६ वॉट. बाकीचे ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनींवर, जिथे फारसं कुणी जेवायलाच बसत नाही. दिवे स्वस्त असतात, मान्य. पण चार पंख्यांचे पैसे एसएमपीएसमध्ये घातले, तर तो पायरीभर बरा मिळतो. शिवाय दिव्यांनी खेळ काही सुधारत नाही: ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतो, कॅबिनेट कितीही लखलखली तरी.