एक्क्याला भोकं

ड्रिफ्टिंग म्हणजे वळणावर गाडी मुद्दाम आडवी घसरवत नेणे. मागची चाकं धुरात, पुढची वळणाच्या उलट दिशेला, आणि चालक पुढचा रस्ता बाजूच्या काचेतून बघतोय. जपानमध्ये कुनिमित्सु ताकाहाशींनी सत्तरच्या दशकात हे शर्यतीत केलं, केइची त्सुचियांनी घाटात केलं आणि १९९५ साली सुरू झालेल्या ‘इनिशियल डी’ या चित्रकथेने टोफू पोचवणाऱ्या पोराच्या हाती टोयोटाची एई८६ देऊन ते घरोघरी नेलं. ती साधी कोरोला आज परवडेनाशी झाली आहे. निसानची सिल्व्हिया तर कुठल्याही ट्रॅकवर ढिगाने. मग ज्याला उठून दिसायचंय त्याने काय करावं? कोणाकडेच नाही अशी गाडी शोधावी. उदाहरणार्थ, इसुझु पियाझा.

पियाझा जॉर्जेतो जुजारोंच्या हातची. सत्तरच्या दशकात त्यांनी पत्त्यांच्या नावाने प्रदर्शनी गाड्या केल्या. आउडीसाठी इस्पिकचा एक्का, बीएमडब्ल्यूसाठी चौकटचा आणि १९७९ साली जिनिव्हात इसुझुसाठी किलवरचा. पहिले दोन प्रदर्शनापुरतेच राहिले. किलवरचा एक्का मात्र १९८१ साली जवळपास तशाच रूपात विक्रीला आला. अंग नितळ, काच आणि पत्रा जणू एकाच पातळीत. दिवे-वायपरची बटणं स्टीअरिंगच्या दोन्ही अंगांना छोट्या डब्यांत, का तर चालकाला हात सोडावा लागू नये.

अशी गाडी दारात आली की ड्रिफ्टवाला आधी ग्राइंडर काढतो. चाकांवरचा पत्रा कापायचा, तिथे फायबरचे रुंद फेंडर लावायचे आणि तेही रिव्हेट ठोकून. रिव्हेट दिसलेच पाहिजेत, तशी फॅशन आहे. मग आत केज, बकेट सीट आणि हातभर उंचीचा हायड्रॉलिक हँडब्रेक. हा ओढायला एक हात सोडावाच लागतो, त्यामुळे बटणांचे ते डबे भंगारात गेले तरी चालतात.

पण खरी मौज मागच्या चाकांत आहे. पियाझा विकली जात होती तेव्हा तक्रार अशी, की दिसते झकास, पण रस्ता नीट धरत नाही. ऑस्ट्रेलियात ती होल्डन नावाने गेली आणि तिथे तर परीक्षकांनी धुतलीच. तेव्हा इसुझुने इंग्लंडच्या लोटस कंपनीला पैसे मोजले, सस्पेन्शन सुधारून घेतलं आणि ‘हँडलिंग बाय लोटस’ असं गाडीवर अभिमानाने लिहून टाकलं. आता चाळीस वर्षांनी तिचा नवा मालक दुसऱ्यांदा पैसे मोजतोय, ती पुन्हा घसरावी म्हणून. डिफरन्शियल वेल्ड करून मागची दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावतो आणि लोटसचं काम पुसून टाकतो. रस्ता करून लगेच खणणाऱ्या आमच्या महापालिकेलाही एवढी सुसूत्रता जमलेली नाही.

पुढची चाकं ६० अंशांच्या आसपास वळायला हवीत. पियाझासाठी असे तयार भाग कोण करणार? इसुझुने स्वतःच्या कार बनवणं १९९३ सालीच सोडलं. सिल्व्हियाचे भाग मात्र खोक्यात घालून घरपोच येतात. मग पुढचं सस्पेन्शन सिल्व्हियाचं, इंजिन निसानचं नाहीतर टोयोटाचं, गिअरबॉक्स त्या इंजिनाबरोबर आलेला. उरलं काय? छप्पर, दारं आणि डिकीवरचं नाव. गर्दीपासून वेगळा व्हायला निघालेला हा माणूस आतून सिल्व्हियातच बसलाय, फक्त एक्क्याची साल पांघरून.

मूळ सांगाडा ड्रिफ्टला चालत नाही, ही सबब सांगू नये. मागचा एक्सल अखंड आहे म्हणता? ज्या एई८६ची आरती ओवाळता तिचाही अखंडच आहे. इंजिनात दम नाही म्हणता? कारखान्यानेच दोन लिटरचं, टर्बो लावलेलं इंजिन दिलं होतं. तेवढं नीट करायला ग्राइंडरपेक्षा जास्त डोकं लागतं, एवढीच अडचण.

आणि त्या इंजिनाचे भाऊबंद आमच्या ओळखीचे आहेत. त्याच घराण्यातलं १.८ लिटरचं इंजिन हिंदुस्तान मोटर्सने काँटेसाला लावलं, नंतर अॅम्बॅसडरलाही. तेव्हा दुर्मीळच गाडी आडवी घालायची असेल तर इसुझु इंजिनवाली अॅम्बॅसडर घ्या. जोर मागच्या चाकांना, एक्सल अखंड आणि पावसाळ्यात ती डिफरन्शियल वेल्ड न करताही घसरते. फक्त टपावर लाल दिवा लावू नका. २०१७ पासून तो मंत्र्यांनाही बंद आहे.