बसमधले आप्पा

निगडीहून चाकणला जाणाऱ्या प्रत्येक कंपनी-बसमध्ये एक आप्पा असतात. टूलरूममध्ये उभा जन्म गेलेला, खिडकीची सीट वडिलोपार्जित. बस तळवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकली की त्यांचा दवाखाना उघडतो. सीटवर कोणी दोनदा चुळबुळला, की मागून कानाशी येतात, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"अरे, लाजतोस काय! मलापण होती मूळव्याध." हे मात्र अख्ख्या बसला ऐकू जातं.

मग पुड्या सुटतात. रात्री त्रिफळा, सकाळी लोण्यातून नागकेशर, डब्याला सुरणाचे काप. चिंचेच्या कोळात न बुडवलेलं सुरण खाऊन एका ट्रेनीचा घसा अख्खी फर्स्ट शिफ्ट खाजत होता. आप्पांचा निर्वाळा : "गुण येतोय." ताकाची बाटली तर कायम पिशवीत. "चरकानं सांगितलंय," म्हणतात, आणि ते खरं आहे. चरकसंहितेत मूळव्याधीवर ताकाची भारी स्तुती आहे. बिब्ब्याला मात्र आप्पाही हात जोडतात. कातडी भाजते, फोड येतात.

एकदा क्वालिटीतल्या पोरानं विचारलं, "आप्पा, डेटा?"

"मी बसलोय ना समोर! नीट बसलोय, हाच डेटा."

पोरगं मायक्रॉनमध्ये मोजणारं, ऐकतंय होय? मोबाइलवर शोधत बसलं. सुरणाचे प्रयोग मुख्यतः उंदरांवर. पण तंतुमय पदार्थांचं पारडं जड निघालं. कॉक्रेन म्हणजे उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासणारी संस्था. तिच्या २००५च्या आढाव्यात सात चाचण्या, ३७८ रुग्ण. रक्त पडण्याचा धोका जवळपास निम्म्यानं कमी. त्या चाचण्यांत आपलं इसबगोलही होतं.

आप्पांचा चेहरा पडला. इसबगोल ते यादीत सगळ्यात शेवटी, "आणि हो, पाणी भरपूर" इतकंच पुटपुटून सांगायचे. किराणा दुकानात मिळणाऱ्या भुश्श्याला कसला आलाय मान? दुसऱ्या दिवशी मात्र बसमध्ये चढता चढताच घोषणा झाली : "मी पहिल्यापासून इसबगोलच सांगत होतो!"

आप्पांमुळे निदान माणसं बोलती तरी होतात. एरवी बायकोलाही न सांगता वर्षं काढतात. तेव्हा आप्पांचं ऐका. इसबगोल घ्या, पाणी प्या, संडासात मोबाइल नेऊ नका. पण रक्त दिसलं तर पुड्या बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. रक्त दर वेळी मूळव्याधीचंच असतं असं नाही, आणि ते आप्पांना बसमध्ये बसून कळत नाही.