रहिवासी दाखला लागत नाही

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचा सदस्य व्हायचे तर त्याच गावच्या मतदार यादीत नाव लागते. शेजारच्या गावात तुमच्या नावाची कमान असली तरी छाननीत अर्ज बाद. आमदारकीसाठी राज्यातल्या कुठल्या तरी मतदारसंघाचे मतदार असावे लागते. राज्यसभेत महाराष्ट्राची बाजू मांडायला मात्र महाराष्ट्रात घर, नाव, रेशनकार्ड यांपैकी काहीच लागत नाही. भारतात कुठेही मतदार असलात की पुरे. पद जितके मोठे, तितकी कागदपत्रे कमी. तहसील कचेरीत खेटे घालणाऱ्यांनी हे वाचून उगाच मनाला लावून घेऊ नये.

हे नेहमीच असे नव्हते. 1951च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार राज्यसभेचा उमेदवार त्याच राज्यातला मतदार असणे सक्तीचे होते. मग दिल्लीकर नेत्यांना दूरच्या राज्यांचा लळा लागू लागला. मनमोहनसिंग 1991 मध्ये गुवाहाटीतल्या भाड्याच्या घराच्या पत्त्यावर आसामचे खासदार झाले आणि पंतप्रधानपदाची दहाही वर्षे आसामचेच राहिले. असे पत्ते वाढत गेले, तेव्हा 2003 मध्ये संसदेने अटच काढून टाकली. युक्तिवाद असा की, अट नाममात्रच उरली होती, मग ढोंग कशाला? प्रामाणिकपणाची ही व्याख्या पुणेकरांना पटेल: हेल्मेट कोणी घालत नाही, सबब हेल्मेटसक्ती रद्द. ज्येष्ठ पत्रकार कुलदीप नय्यर या दुरुस्तीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. 2006 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की, रहिवासाची अट संविधानात नाही. संसदेने घातली, संसद काढू शकते. कायदा म्हणून हे बिनचूक आहे. पण जे बेकायदा नाही ते शहाणपणाचे असतेच, असे न्यायालयानेही म्हटलेले नाही.

यावर हमखास उत्तर मिळते की, गुणी माणसांना राज्याच्या सीमा कशाला? भाजपचे सुरेश प्रभू कोकणचे. 2014 मध्ये ते हरियाणातून राज्यसभेत गेले आणि 2016 मध्ये आंध्र प्रदेशातून. काँग्रेसचे चिदंबरम तमिळनाडूचे, पण 2016 ते 2022 महाराष्ट्राचे. 2022 मध्ये महाराष्ट्राने उत्तर प्रदेशच्या इम्रान प्रतापगढींना पाठवले. म्हणजे या एका बाबतीत काँग्रेस आणि भाजपमध्ये संपूर्ण एकमत आहे. यांच्या गुणांविषयी वाद नाही. पण गुणांसाठी राष्ट्रपतींच्या हाती 12 नामनियुक्त जागा वेगळ्या ठेवल्या आहेत, त्या कशासाठी? लोकसभेचा उमेदवारही कुठूनही उभा राहतो, हे खरे. पण त्याला निदान त्या मतदारांसमोर उन्हातान्हात हात जोडावे लागतात. इथे मतदार म्हणजे आमदार, आणि 2003च्याच दुरुस्तीने त्यांचे मतदान खुले झाले. मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची. परीक्षेत पेपर पर्यवेक्षकाला दाखवून लिहिण्याचाच हा प्रकार. घोडेबाजार थांबावा म्हणून हे केले, असे सांगतात. घोडे मात्र अजूनही निवडणुकीच्या आधी रिसॉर्टमध्येच बांधावे लागतात.

एवढा त्रागा कशाला, असे कोणी म्हणेल. राज्यसभा तशीही चर्चेचेच सभागृह. तसे असते तर बरे होते. संविधानाच्या 249व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्यसूचीतल्या विषयावर संसदेला कायदा करायचा असेल, तर राज्यसभेने दोन तृतीयांश बहुमताने तसा ठराव करावा लागतो. म्हणजे राज्यांच्या अधिकारावर पाणी सोडायची संमती राज्यांच्या वतीने हे सभागृह देते. सातबारा एकाचा, सही दुसऱ्याची. अमेरिकेतही प्रत्येक राज्याचे दोन सिनेटर असतात; निवडून येताना ते त्या राज्याचे रहिवासी असलेच पाहिजेत, असे तिथल्या संविधानातच लिहिले आहे. आपल्याकडे 2003 मध्ये काढलेली ओळ साध्या कायद्याने परत घालता येते, त्यासाठी घटनादुरुस्तीही नको. ती घालावी. राज्यसभेत उत्तर प्रदेशला 31 जागा आहेत, महाराष्ट्राला 19 आणि गोव्याला एक. त्या एका जागेवरचा माणूस गोव्याचा मतदार असलाच पाहिजे, असे आजच्या कायद्यात कुठेही नाही.