निरंक गुणिले कावीळ

रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना जंतूंपासून किती धोका आहे हे मोजण्याची एक शास्त्रीय रीत आहे. अपघाताच्या शक्यतेला त्याच्या गांभीर्याने गुणायचे आणि उत्तराप्रमाणे तक्त्यातला चौकोन लाल, पिवळा किंवा हिरवा रंगवायचा. गांभीर्याबद्दल वाद नाही. बाधित रक्ताची सुई लस न घेतलेल्याला टोचली तर हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता 6 ते 30 टक्के, एचआयव्हीची सुमारे 0.3 टक्के, हे सगळ्या पुस्तकांत आहे. अडचण येते ती सुया टोचतात किती, या आकड्याशी. तो नोंदवहीतून घेतात आणि आपल्या नोंदवह्या फार सोशिक असतात. जानेवारी निरंक, फेब्रुवारी निरंक, मार्चमध्येही तेच. शून्याला काविळीने गुणा नाहीतर एड्सने, उत्तर शून्यच येते. चौकोन हिरवा होतो आणि तपासणी पथक समाधानाने चहा घेते.

आता 2002 सालचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज पाहा. जगभरच्या साडेतीन कोटी आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी सुमारे 30 लाखांना वर्षभरात दूषित सुई किंवा धारदार वस्तू लागते. म्हणजे बारा जणांत एकाला. तेव्हा शेकड्याने माणसे कामाला असलेल्या रुग्णालयात वर्षभर निरंक असेल, तर तिथे एकतर चमत्कार घडतो आहे किंवा कोणी बोलत नाही. बोलावे तरी कशाला? सुई टोचल्याचे सांगितले की पहिला प्रश्न येतो, ‘टोपण परत लावायला कोणी सांगितलं होतं?’ एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात. त्यातला बराच वेळ मग चूक कोणाची हे ठरवण्यात जातो. कायदाही काही कमी थंड नाही. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत ‘मोठ्या अपघाता’ची व्याख्या आहे आणि सुई टोचणे तिच्यातून नाव घेऊन वगळले आहे. कचऱ्याचा ट्रक उलटला तर 24 तासांत कळवा, सुई टोचली तर वार्षिक अहवालात लिहा. विषाणूला मात्र वर्षअखेरीपर्यंत थांबायची सवय नाही.

कर्मचारीच निष्काळजी असतात, त्याला व्यवस्थापन काय करणार, असे म्हणणारे भेटतात. वापरलेल्या सुईला टोपण लावू नये हे खरेच आहे. पण सुया टाकायचा पांढरा डबा वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला, की सिस्टरच्या हातातली सुई उघडी फिरते. मग टोपण लावणे हाच तिला सावधपणा वाटतो. डबा कुठे ठेवायचा हे सिस्टर ठरवत नाही. आणि कचरा उचलणाऱ्या मावशींचे काय? त्यांनी जन्मात इंजेक्शन दिलेले नाही. दुसऱ्या कोणी लाल पिशवीत टाकलेली सुई पिशवी उचलताना त्यांच्या बोटात घुसते. त्यांचा निष्काळजीपणा एवढाच, की त्या कामावर आल्या. (क्षयाचे जंतू तर टोचतही नाहीत, त्यामुळे त्यांना या वहीत रकानाच नाही. बंद खिडकीची नोंद कोण ठेवतो?)

यावर शेवटचा हुकमी एक्का म्हणजे, मावशी आमच्या नाहीत, कंत्राटदाराच्या आहेत. त्याच 2016 च्या नियमांनी हे उत्तर आधीच निकालात काढले आहे. आरोग्य कर्मचारी आणि कचरा हाताळणारे इतर, सगळ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, कामावर घेताना आणि पुढे वर्षातून एकदा तरी तपासणी करायची, ही जबाबदारी रुग्णालय चालवणाऱ्यावर आहे. नोंदी वाढल्या तर बदनामी होईल ही भीती समजण्यासारखी आहे, पण सुरुवातीला आकडा वाढणे हीच मोजणी खरी होऊ लागल्याची खूण असते. म्हणून पथकातल्या साहेबांना एक विनंती. पुढच्या खेपेला चहा नंतर घ्या. आधी जिना उतरून कचऱ्याच्या खोलीत जा आणि तिथल्या मावशींना विचारा, लशीचा तिसरा डोस कधी घेतला.