पाटेबदलू गृहस्थ

महाराष्ट्रातील शहरी मध्यमवर्गातल्या नाटकवेड्यांची, गडप्रेमींची आणि पक्षीनिरीक्षकांची नोंद बऱ्यापैकी झालेली असली, तरी रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुन्या गाडीखालून ज्यांचे केवळ पाय दृष्टीस पडतात, त्या गृहस्थांकडे अभ्यासकांचे जावे तितके लक्ष गेलेले नाही. हे गृहस्थ साधारणपणे पंचेचाळिशी ओलांडलेले, बँकेत किंवा विमा कार्यालयात स्थिरावलेले आणि एका जुन्या मारुती जिप्सीचे मालक असतात. १९८५ साली बाजारात आलेल्या आणि लष्करात दीर्घकाळ सेवा केलेल्या या गाडीच्या चारही चाकांवर पाटे असतात. पाटे म्हणजे पोलादी पट्ट्या एकीवर एक रचून मध्यभागी बोल्टने आवळलेली कमान. ही कमान इतकी कडक असते, की प्रवासातील खड्डे प्रवाशास पुढे कित्येक दिवस मणक्यांच्या क्रमाने आठवत राहतात.

धक्के कमी व्हावेत ही इच्छा मूलतः कुटुंबाची असते. गृहस्थांना मात्र ते का बसतात हे समजावून सांगण्यात अधिक रस असतो. एखाद्या पाहुण्याने 'गाडी जरा आदळते' एवढे सौजन्याने म्हटले, तरी स्प्रिंग वजन पेलते व धक्का साठवून परत करते, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर, ज्याला गॅरेजात शॉकअप म्हणतात, आपल्या नळीतील तेल बारीक छिद्रांतून ढकलून त्या हेलकाव्याची उष्णता करून टाकतो, आणि म्हणून शॉकअप गेलेली गाडी खड्डा संपल्यावरही डुलत राहते, असे सविस्तर निरूपण ताटावरच सुरू होते. ते आटोपेपर्यंत आमटी निवलेली असते आणि पाहुण्याने परतीसाठी रिक्षा ठरविलेली असते.

या निरूपणाची परिणती 'पॅराबोलिक' पाट्यांच्या खरेदीत होते. जुन्या संचातील अनेक पट्ट्या संपूर्ण लांबीभर एकमेकींवर घासतात व त्या घर्षणामुळे लहान धक्के दबण्याऐवजी सरळ आत येतात. नव्या संचात मध्यभागी जाड आणि टोकांकडे पातळ होत जाणाऱ्या मोजक्याच पट्ट्या असून त्या केवळ मध्यावर व टोकांना टेकतात, त्यामुळे कमान मोकळेपणी वाकते. पट्ट्या कमी मिळूनही पैसे अधिक का मोजले, या पत्नीच्या प्रश्नाला यंत्रशास्त्रात समाधानकारक उत्तर अद्याप सापडलेले नाही.

प्रत्यक्ष कामात प्रथम प्रत्ययास येतो तो गंज. पाट्याचे टोक चॅसीशी जोडणारा हलता दुवा, म्हणजे शॅकल, आपला बोल्ट सहजासहजी सोडत नाही. त्यावर गंज सोडविणारे तेल मारून रात्रभर वाट पाहिली जाते, पान्ह्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढविला जातो, आणि अखेर कोपऱ्यावरच्या गॅरेजातील मिस्त्री येऊन हातोड्याच्या दोन ठोक्यांत तो बोल्ट काढतो, ज्याचे वर्णन पुढे 'मी सैल करून ठेवला होता' असे केले जाते. मात्र एका बाबतीत हे गृहस्थ आदर्श मानावे लागतात: केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली ते कधीही शिरत नाहीत, चॅसीखाली भक्कम स्टँड लावल्याखेरीज पान्हा उचलत नाहीत. पाट्याच्या टोकाच्या गोल डोळ्यातील रबरी बुश गाडी अधांतरी असताना आवळला तर चाके टेकताच पिळवटून लवकर फाटतो, हेही त्यांना ठाऊक असते. म्हणून शेवटची आवळणी चाके जमिनीवर टेकवून होते, आणि वजन नेहमीइतके भरावे यासाठी सासूबाईंसह सर्व कुटुंबास उभ्या गाडीत बसविले जाते.

नव्या पाट्यांनी गाडी उंच झाली, की गिअरपेटीकडून चाकांकडे फिरती शक्ती नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो, गाडी थरथरू लागते आणि पुढच्या रविवारांची सोय होते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. या कलमाचा गृहस्थांनी कसून अभ्यास केलेला असतो आणि जुने पाटे बसल्यामुळे गेलेली उंची आपण केवळ पूर्ववत केली, असा त्यांचा युक्तिवाद तयार असतो. पूर्ववत झालेली उंची मूळ उंचीहून दोन इंच अधिक कशी भरते, हा तपशील त्यात येत नाही.

अंतिम परीक्षा गतिरोधकावर होते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ सालच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच व ३.७ मीटर रुंद असावा. सोसायटीपुढचा मात्र ठेकेदाराकडे उरलेल्या डांबराइतका असतो, आणि त्यावरून गृहस्थ गाडी पुनःपुन्हा नेतात, चेहऱ्यावर निकालाच्या दिवशीचा भाव ठेवून.

गाडी नेमकी किती सुधारली याविषयी कुटुंबात मतभेद राहतात. परंतु इमारतीतील कोणत्याही गाडीचा खडखडाट ऐकून 'डाव्या बाजूचा बुश गेला' असे अचूक आणि विनामूल्य सांगणारा माणूस तोच असतो, हे त्याच्या टीकाकारांनाही मान्य करावे लागते. सबब, अशा गृहस्थांकडून चक्कर मारण्याचे निमंत्रण आल्यास वाचकाने ते स्वीकारावे, पुढच्या सीटवर बसावे, आणि 'फरक जाणवला का?' असे विचारले जाताच, कंबर सावरण्यापूर्वी, 'जाणवला' असे उत्तर द्यावे.