डेसिबलकाका

रायपूरच्या बूढापाऱ्यात राहून शांततेची हौस बाळगायची म्हणजे छाती पाहिजे. इथल्या तलावाच्या मधोमध विवेकानंदांचा ध्यानस्थ पुतळा आहे, हे कबूल. १८७७ साली चौदा वर्षांचा नरेंद्र आईवडिलांबरोबर याच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, राहायला आला, दोनेक वर्षं राहिला, हेही कबूल. पण आमच्या पिढीचा बूढापारा म्हणजे धरणास्थळ. रायपुरात ज्याला ज्याला सरकारला चार शब्द ऐकवायचे असत तो तलावाजवळ येई, मंडप घाली, भोंगा लावी. आणि सरकार लांब असल्यामुळे ते चार शब्द आम्ही ऐकत असू. उरलेले दिवस लग्नाच्या वराती आणि गणपतीचा धुमाल बाजा वाटून घेत.

अशा जागी आमच्या डेसिबलकाकांनी बिनआवाजाचा कॉम्प्युटर बनवायला घेतला.

काका विद्युत मंडळातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी गेली. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो तो शंभर हर्ट्झवर, पन्नासच्या दुप्पट, हे ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. निवृत्तीनंतर त्यांनी बैठकीच्या खोलीत मोठा टीव्ही लावला, दोन्ही बाजूंना स्पीकर उभे केले आणि जुने सिनेमे, नाट्यगीतं, मुलांच्या मुंजीच्या कॅसेटी असं सगळं एका कॉम्प्युटरवर ठेवायचं ठरवलं. उद्घाटनाला ‘पुष्पक’ लावला. १९८७चा तो कमल हासनचा सिनेमा, ज्यात कुणी एक शब्द बोलत नाही. तिथेच घात झाला. दुसरा कुठलाही सिनेमा लावला असता तर काका आज सुखी माणूस असते. पडद्यावर सगळे गप्प, आणि टीव्हीखालच्या डब्यातून घूंऽऽ. काकांनी सिनेमा थांबवला. तो अजून तिथेच थांबलेला आहे.

आवाज पंख्याचा होता. ऐंशी मिलिमीटरचा, मिनिटाला तीन हजार फेऱ्यांचा. “पंखा मोठा घ्यायचा आणि सावकाश फिरवायचा,” काका मला म्हणाले, “वारा तेवढाच, ओरड कमी. वेग निम्मा केला की पंधरा डेसिबल उतरतात. आणि दहा उतरले की कानाला आवाज अर्धा वाटतो. कळलं?” मला कळलं ते एवढंच, की आता काका दिल्लीला नेहरू प्लेसला जाणार. ते गेले, आणि नॉक्टुआ नावाचा ऑस्ट्रियन पंखा घेऊन आले. त्याचा रंग पाहून काकू म्हणाल्या, “अहो, यावर कोणी चहा सांडला? बदलून तरी घ्यायचा!”

पंखा बसला. तो खरोखर ऐकू येत नव्हता. आणि म्हणूनच हार्ड डिस्क ऐकू येऊ लागली.

शांततेच्या मागे लागलेल्या माणसांची हीच गोम आहे. एक आवाज मारला की त्याच्या आड लपलेला दुसरा बाहेर येतो, आणि दुसऱ्यासाठी कान आधीच तयार झालेले असतात. हार्ड डिस्कच्या मिनिटाला ७,२०० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला १२०. ती थरथर पत्र्याच्या डब्यात उतरते आणि सगळा डबा गातो. उपाय म्हणजे डिस्क स्क्रूने न आवळता लवचीक काहीतरी बांधून अधांतरी टांगायची. काकूंच्या शिवणाच्या डब्यातलं परकराचं इलॅस्टिक नाहीसं झालं ते त्या आठवड्यात. पुढे काकांनी एसएसडी घेतली, जिच्यात हलणारा भागच नाही. डिस्क तेवढी सुटली. इलॅस्टिक परत मिळालं नाही.

मग पॉवर सप्लाय. भार कमी असला की पंखा फिरवायचाच नाही, असा एक प्रकार मिळतो. काकांनी ६५० वॅटचा घेतला. मशीन खाणार चाळीस वॅट. विद्युत मंडळाच्या माणसाला हे शोभत नाही, एवढ्या कमी भारावर कार्यक्षमता पडते, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक होतं. पण तोवर ते इंजिनियर उरले नव्हते, नुसते कान उरले होते.

त्या काळात दुकानात त्यांच्याबरोबर जाणं ही शिक्षा होती. काकांच्या पिशवीत पुठ्ठ्याची एक लांब नळी असे. तिचं एक टोक कानाला लावायचं आणि दुसरं एकेका भागावर फिरवायचं, म्हणजे नेमका कोण बोलतोय ते सापडतं. ही रीत चांगली आहे, मी वापरून पाहिली आहे. फक्त ती भर दुकानात, एसी आणि प्रिंटर बंद करायला लावून, मागे चार गिऱ्हाइकं उभी असताना वापरायची नसते. काउंटरवरचा पोरगा बिचारा म्हणाला, “कका, कुछु आवाज नइ आवत हे.” काका शांतपणे म्हणाले, “दुकान में नहीं आता, बेटा. घर में आता है. रात के ढाई बजे.”

त्यांच्याकडे मीटरही आहे. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, २०००चा नियम, हे ते धरण्यावरच्या पुढाऱ्यांना जाऊन सांगत. पुढारी नमस्कार करत आणि भोंग्याचं तोंड थोडं तलावाकडे वळवत. पण कॉम्प्युटरपुढे तो मीटर कुचकामी ठरला. स्वस्त मीटर तीसच्या खाली मोजत नाहीत. “म्हणजे आता तुमचा आवाज मोजण्याइतकाही नाही,” मी म्हटलं. काका म्हणाले, “मीटर बहिरा आहे.”

मग मे महिना आला. काकांनी पंखाच काढून टाकला होता. सगळा डबाच ॲल्युमिनियमच्या पात्यांचा, उष्णता आपोआप बाहेर सोडणारा. युक्ती बरोबर, देश चुकीचा. असा डबा खोलीपेक्षा ठरावीक अंशांनीच गरम राहतो. खोली पंचविसावर असेल तर प्रोसेसर सुखात. रायपुरात मेमध्ये बाहेर ४४-४५ आणि बैठकीच्या खोलीत चाळीस. प्रोसेसर तापला, मंदावला, चित्र अडखळू लागलं. उपाय एकच होता. खिडकीतला कुलर लावला, तो लोखंडी, गवताच्या जाळ्यांचा, चालू झाला की शेजारच्या घरातली माणसं आपसात खुणेने बोलतात. अशा रीतीने पंखा नसलेल्या कॉम्प्युटरचा आवाज होऊ नये म्हणून काका कुलरच्या गडगडाटात बसून राहिले. काकू मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, “बघितलं? आता सांग, हे काय करून राहिले?”

खरा गोंधळ २०२२ साली झाला. त्या वर्षी धरणास्थळ बूढापाऱ्यातून उचलून नवा रायपूरच्या बाजूला तूत्याला नेलं. सगळ्या पाऱ्याने सुटकेचा श्वास सोडला. एकटे काका हवालदिल. भोंगे गेल्यावर त्यांना फ्रिज ऐकू आला. फ्रिज व्हरांड्यात गेला, तेव्हा भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं. घड्याळ उतरवलं, तेव्हा टीव्ही बंद असतानाही तो किंचित काहीतरी म्हणतो, असा त्यांना संशय आला. घरी येणाऱ्याला ते “बस” म्हणत आणि पाच मिनिटांनी हळूच, “जरा तोंडाने श्वास घे.” काकूंच्या घोरण्याचा विषय त्यांनी काढला नाही. काकूंनी त्यांच्या घोरण्याचा काढला.

कधीतरी कुणीतरी विचारणारच होतं, आणि चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत एका जावयाने विचारलं. “काका, हल्ली टीव्हीतच सगळं येतं ना? नाहीतर मागे बोटाएवढी काडी लावायची. तिला पंखाच नसतो.” आसपासचे गप्प झाले. काका रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर त्या मुलाबद्दल कीव होती. “असते ना काडी,” ते म्हणाले. “पण तिच्यात निवडायचं काय?”

हल्ली मात्र काका खचलेत. गेल्या उन्हाळ्यात पुण्याचा नातू आला होता, इयत्ता पाचवी. त्या दिवशी कुलर नेमका बंद पडलेला. मशीन सुरू झालं. काका डोळे मिटून बसले. त्यांना काहीही ऐकू येत नव्हतं, आणि ते ऐकू न येणं ते मन लावून ऐकत होते. नातू म्हणाला, “आजोबा, ती सूंऽऽ कसली?”

ती सूं पॉवर सप्लायमधल्या कॉइलची होती. वीज झपाट्याने कमीजास्त होते तेव्हा तारेचं वेटोळं बारीक थरथरतं आणि शिट्टीसारखा वरच्या पट्टीतला आवाज निघतो. वरची पट्टी वयाबरोबर कानातून जाते, सगळ्यांच्याच. नळी लावून काका डब्यावर तासभर वाकले होते. त्यांना आवाज सापडला नाही, कारण त्यांच्यापुरता तो नव्हताच. दुसरा कुणी हे कळल्यावर ‘पुष्पक’ सुरू करून निवांत बसला असता.

काकांनी पॉवर सप्लाय बदलला. पण आवाज गेला की नाही, हे सांगायला कान तर पुण्याला. व्हिडिओ कॉलवर फोन डब्याला टेकवून पाहिला. नातू म्हणाला, “काहीच ऐकू येत नाही, आजोबा.” काका क्षणभर खूश झाले, मग त्यांनी तोच फोन व्हरांड्यातल्या फ्रिजला टेकवला. तोही ऐकू येत नव्हता. असली एकसुरी घरघर फोन स्वतःच गाळून टाकतो.

तेव्हा दिवाळीला नातवाचं आझाद हिंद एक्स्प्रेसचं तिकीट काढलं आहे. फराळाचं काकू बघतायत. काका रोज रात्री सुनेला फोन करतात. अभ्यास कसा चाललाय, जेवतो का, हे काही विचारत नाहीत. “त्याला इअरफोन लावू देऊ नकोस,” एवढंच सांगतात, “आणि फटाक्यांच्या जवळ उभा करू नकोस. कान जपायला हवेत त्याचे. इथे काम आहे.”